साक्ष आणि चुगली : 'ऑन द वॉटरफ्रंट' ते 'गुलाम'

गुन्हेगारीवरच्या चित्रपटांविषयी आपल्या ख्रिस्ती घरांतून एक अढी असते. खून, खंडणी, दारूचे गुत्ते यांनी भरलेला चित्रपट मुलाबाळांसह पाहावा असे कुणाला वाटत नाही, आणि ही अढी सर्वस्वी चुकीची आहे असेही म्हणता येणार नाही. तथापि १९९५ साली, चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने, व्हॅटिकनने पंचेचाळीस श्रेष्ठ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग होते. त्यांतील 'मूल्ये' या विभागात रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'च्या पंक्तीला एक अमेरिकन गुन्हेगारीपट बसवलेला आढळतो. एलिया कझान यांनी दिग्दर्शित केलेला १९५४ चा 'ऑन द वॉटरफ्रंट' हा तो चित्रपट. खुनाने सुरू होणाऱ्या आणि रक्तबंबाळ मारहाणीने संपणाऱ्या या कृतीत ख्रिस्तसभेला कोणते मूल्य दिसले असावे, आणि हिंदी चित्रपटाने तिची कथा आपलीशी करताना त्या मूल्याचे काय केले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम कथासूत्र थोडक्यात पाहू. न्यूयॉर्क बंदराच्या पलीकडच्या काठावर होबोकन नावाचे गाव आहे. तेथील गोदी कामगारांची संघटना जॉनी फ्रेंडली या गुंडाच्या मुठीत आहे. टेरी मॅलॉय (मार्लन ब्रँडो) हा एके काळचा मुष्टियोद्धा जॉनीची किरकोळ कामे करून जगतो. त्याचा थोरला भाऊ चार्ली (रॉड स्टायगर) जॉनीचा उजवा हात आहे. आरंभीच टेरीला एक साधे काम सांगितले जाते. जोई डॉइल नावाच्या तरुण कामगाराला, त्याचे हरवलेले कबूतर सापडल्याचे सांगून, घराच्या गच्चीवर बोलवायचे. जोई वर जातो आणि खाली फेकला जातो. सरकारी चौकशी मंडळापुढे जाऊन बोलायचे त्याने ठरवले होते, एवढाच त्याचा अपराध. पुढे जोईची बहीण एडी (इव्हा मेरी सेंट) आणि धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर बॅरी (कार्ल माल्डन) यांच्या सहवासात टेरीची सदसद्विवेकबुद्धी हळूहळू जागी होते. भाऊ मारला जातो. टेरी चौकशी मंडळापुढे उभा राहून साक्ष देतो आणि अखेरीस सगळ्या बंदरासमोर त्या साक्षीची किंमत मोजतो.

या कथेचा पाया कल्पित नाही. १९४८ साली माल्कम जॉन्सन या वार्ताहराने 'न्यूयॉर्क सन' या दैनिकात बंदरातील गुन्हेगारीवर चोवीस लेखांची मालिका लिहिली आणि पुढील वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या काळी बंदरात कामगार निवडण्याची पद्धत अशी होती : सकाळी धक्क्यावर माणसे अर्धवर्तुळ करून उभी राहत, आणि मुकादम बोट दाखवील त्याला त्या दिवसापुरते काम मिळे. मजुरीतला वाटा परत देण्याची ज्याची तयारी असे, तो कानामागे काडी खोचून तशी खूण करी. बडनेऱ्यासारख्या जंक्शनच्या गावात राहणाऱ्या वाचकाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. मालधक्का, हमालांची टोळी, मुकादम, कापसाच्या हंगामात बाजारात उभी राहणारी माणसांची रांग, हे शब्द आणि ही दृश्ये वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाची आहेत. रोज सकाळी दुसऱ्याच्या बोटाकडे पाहणारा माणूस तोंड का उघडत नाही, हेही त्याला ठाऊक असते.

येथे आपल्या देशाविषयी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. जॉन्सन यांची लेखमाला छापली जात होती त्याच १९४८ साली भारतात गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा झाला, आणि त्याआधारे पुढे मुंबईत गोदी कामगार मंडळ उभे राहिले. न्यूयॉर्क बंदरातली ती अर्धवर्तुळाची पद्धत मोडायला १९५३ साल उजाडावे लागले. मुंबईच्या गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो हे मंगळूरकडच्या कॅथलिक कुटुंबातले होते. आज त्यांच्या नावाचा रस्ता बंदराच्या कुंपणालगत धावतो. पुढे १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे 'ऑन द वॉटरफ्रंट'ला साजेसा ऐवज आपल्या दाराशीच होता. हिंदी चित्रपटाने त्यातले काय उचलले आणि काय सोडले, ते पुढे पाहू.

चित्रपटातील फादर बॅरी ही व्यक्तिरेखा फादर जॉन कॉरिडन या येशूसंघीय धर्मगुरूंवर बेतलेली आहे. मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला येशूसंघीयांनी चालवलेल्या कामगार शाळेत ते काम करीत. बंदरात कोण कोणाला पैसे देतो, कोणता खून कशासाठी झाला, याची माहिती ते चिकाटीने गोळा करीत, आणि जॉन्सन यांच्याप्रमाणेच पटकथाकार बड शुलबर्ग यांनाही ती त्यांनी पुरवली. चित्रपटात डूगन नावाचा कामगार साक्ष देण्यास तयार होतो, तेव्हा जहाजाच्या तळघरात त्याच्यावर दारूच्या खोक्यांचा ढिगारा पाडून त्याला ठार केले जाते. त्या प्रेताजवळ उभे राहून फादर बॅरी जे प्रवचन करतात ते कॉरिडन यांच्या एका प्रत्यक्ष भाषणावर आधारलेले आहे. क्रुसावर खिळण्याची घटना केवळ कालवारीवर घडली असे मानू नका, येथे या तळघरातही ती घडते आहे आणि प्रभू रोज सकाळी तुमच्याबरोबर त्या अर्धवर्तुळात उभा असतो, असा त्याचा आशय आहे. वरून माणसे त्यांच्यावर सडकी फळे आणि डबे फेकतात. फादर बोलायचे थांबत नाहीत. पुढे त्याच लाकडी फळीवर प्रेताशेजारी उभे राहून ते जहाजाच्या पोटातून वर येतात. चित्रपटातल्या धर्मगुरूचे इतके खरे, घामेजलेले दर्शन आपल्याला क्वचितच घडते.

याबरोबरच दुसरी बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. त्या बंदरातले मरणारे बहुतांशी कॅथलिक होते, आणि मारणारेही. कामगार संघटनेचा भ्रष्ट अध्यक्ष जोसेफ रायन रविवारच्या मिस्सेला जाणारा गृहस्थ होता. बंदराचे आध्यात्मिक पालकत्व ज्या वरिष्ठ धर्मगुरूंकडे होते ते रायनचे स्नेही होते, आणि कॉरिडन यांनी आपल्या हद्दीत लक्ष घालू नये असेच त्यांना वाटे. चित्रपट हा अंतर्विरोध पुसटसाच दाखवतो. परंतु फादर बॅरी आरंभी चर्चमध्ये बसून वाट पाहतात आणि एडीच्या एका प्रश्नाने खजील होऊन धक्क्यावर येतात, या प्रसंगात त्याची जाणीव आहे. संत देवळात लपून बसले होते काय, असे ती मुलगी विचारते. हा प्रश्न कुठल्याही धर्मग्रामाला विचारता येण्यासारखा आहे.

चित्रपटाचे खरे सामर्थ्य मात्र प्रवचनापेक्षा पापनिवेदनाच्या प्रसंगांत आहे. टेरी फादर बॅरींकडे येऊन मनातले ओझे उतरवू पाहतो. फादर त्याचे म्हणणे उघड्यावर, चालता चालता ऐकतात आणि म्हणतात की हे सगळे तू एडीला सांग. ज्या बहिणीच्या भावाला त्याने गच्चीवर बोलावले, तिला. टेरी सांगतो, पण आपल्याला त्यातला एकही शब्द नीट ऐकू येत नाही. बंदरातल्या भोंग्याचा कर्कश आवाज सारे गिळून टाकतो. आपण पाहतो ते फक्त त्याचे हातवारे आणि तिचा विदीर्ण होत जाणारा चेहरा. ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे उभे राहिल्यावाचून पश्चात्ताप पुरा होत नाही, ही गोष्ट येथे संवादाविना सांगितली आहे. न्यायमंडळापुढची साक्ष यानंतर येते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण टेरी आधी स्वतःचे पाप सांगतो आणि मगच दुसऱ्याच्या पापाविषयी बोलण्याचा अधिकार मिळवतो.

लोकप्रिय संस्कृतीने या चित्रपटातून जे उचलले ते मात्र वेगळेच आहे. चित्रपटाला बारा नामांकनांपैकी आठ ऑस्कर मिळाले. १९८९ साली अमेरिकेने जतन करावयाच्या चित्रपटांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा पहिल्याच पंचवीस चित्रपटांत त्याला स्थान मिळाले. सर्वाधिक कीर्ती लाभली ती मोटारीतल्या प्रसंगाला. चार्ली भावाला गप्प राहण्याची गळ घालतो, शेवटी पिस्तूल काढतो, आणि टेरी ते हलक्या हाताने बाजूला सारून म्हणतो की तू माझा भाऊ होतास, तू माझी थोडी तरी काळजी घ्यायला हवी होतीस, मीही कुणीतरी होऊ शकलो असतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या १९८० च्या 'रेजिंग बुल'मध्ये उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा आरशापुढे बसून हेच संवाद म्हणतो. नकलाकारांनी आणि विडंबनकारांनी ते घरोघर पोहोचवले. प्रसंग अविस्मरणीय आहे यात संशय नाही. परंतु या प्रवासात टेरी हा हुकलेल्या संधीबद्दल हळहळणारा माणूस एवढाच उरला. हळहळ संपवून तो उठतो आणि साक्ष द्यायला जातो, हे स्मरणातून गळाले. स्वतःची कीव करणे नेहमीच सोपे असते, आणि कदाचित म्हणूनच ते अधिक लोकप्रिय होते.

आता या चित्रपटाच्या मानेवर बसलेल्या भुताविषयी बोलले पाहिजे. एप्रिल १९५२ मध्ये दिग्दर्शक कझान अमेरिकन संसदेच्या एका समितीपुढे हजर झाले. कम्युनिस्टांशी संबंध असलेल्यांना शोधून काढण्यासाठी ती समिती बसली होती. कझान यांनी आपल्या जुन्या नाट्यमंडळीतील आठ सहकाऱ्यांची नावे सांगितली. त्या काळी असे नाव घेतले गेले की माणसाचे काम सुटे आणि स्टुडिओचे दरवाजे बंद होत. पटकथाकार शुलबर्ग आणि जॉनी फ्रेंडलीची भूमिका करणारे ली जे. कॉब यांनीही अशाच साक्षी दिल्या होत्या. दोन वर्षांनी याच मंडळींनी मिळून असा चित्रपट काढला, ज्यात नावे सांगणारा माणूस नायक आहे आणि त्याला फितूर म्हणणारे भित्रे आहेत. टेरी जॉनीला ओरडून सांगतो की मी जे केले त्याचा मला आनंद आहे, तेव्हा तो आवाज आपलाच होता, असे कझान यांनी पुढे आत्मचरित्रात मान्य केले. १९९९ साली त्यांना सन्मानाचे ऑस्कर देण्यात आले तेव्हा सभागृहातील काही कलावंतांनी टाळी वाजवली नाही.

मग प्रश्न असा की हा चित्रपट साक्षीचे गौरवगान आहे की चुगलीचे समर्थन? मराठीत हे दोन शब्द आपण नीट वेगळे ठेवले आहेत. 'साक्ष' या शब्दाला आपल्या ख्रिस्ती परंपरेत अपार प्रतिष्ठा आहे. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला आपण रक्तसाक्षी म्हणतो. 'चुगली' या शब्दाला मात्र शाळकरी मुलेही नाक मुरडतात. वास्तविक दोन्ही कृती बाहेरून एकसारख्या दिसतात : कुणीतरी एका अधिकाऱ्यापुढे दुसऱ्याचे नाव घेतो. भेद असतो तो नाव कुणाचे घेतले, कुणापुढे घेतले आणि त्याची किंमत कुणी मोजली, यात. टेरी बलाढ्य गुंडाचे नाव दुबळ्यांच्या वतीने घेतो आणि त्याची किंमत स्वतःच्या देहाने मोजतो. कझान यांनी आधीच कोंडीत सापडलेल्यांची नावे बलाढ्य समितीपुढे घेतली आणि किंमत त्या इतरांनी मोजली. चित्रपट या दोन कृतींवर एकच रंग चढवू पाहतो. टेरीवर जडलेले आपले प्रेम अबाधित ठेवूनही हा रंग आपण खरवडून पाहिला पाहिजे.

मौज अशी की हे खरवडण्याचे काम, कळत असो वा नकळत, एका हिंदी व्यावसायिक चित्रपटाने केले आहे. १९८८ साली महेश भट यांच्या 'कब्ज़ा'त या कथेची छाया येऊन गेली होती. १९९८ साली विक्रम भट दिग्दर्शित 'गुलाम' आला. पटकथा अंजुम राजाबली यांची होती. आमीर खानने रंगवलेल्या नायकाचे नाव सिद्धार्थ मराठे. हा मुंबईतला मराठी पोर, उनाड मुष्टियोद्धा. त्याचा थोरला भाऊ जय (रजित कपूर) वस्तीतल्या रॉनी या खंडणीखोराच्या पदरी आहे. भावाच्या सांगण्यावरून सिद्धूने सामना मुद्दाम हरलेला आहे. वस्तीला जागे करणाऱ्या हरीच्या खुनासाठी त्याचा नकळत वापर होतो, आणि हरीची बहीण अलिशा (राणी मुखर्जी) हिच्यावर त्याचे प्रेम जडते. सांगाडा सारा होबोकनचा. लोकांच्या ओठांवर राहिले ते खंडाळ्याचे गाणे आणि धावत्या लोकलसमोरची शर्यत.

परंतु 'गुलाम'मध्ये एक गोष्ट अशी आहे जी मूळ चित्रपटात कुठेच नाही, आणि ती म्हणजे बाप. सिद्धूचा बाप स्वातंत्र्यसैनिक म्हणून गौरवलेला आहे. मुलगा त्याच्या गोष्टी ऐकत वाढतो. मग उघडकीस येते की छळाला घाबरून बापाने इंग्रजांपुढे आपल्याच साथीदारांची नावे फोडली होती. त्या सत्याच्या ओझ्याखाली बाप जीव देतो आणि मुलगा भ्याडपणाच्या भीतीत वाढतो. म्हणजे या चित्रपटात तोंड उघडण्याचे दोन प्रसंग समोरासमोर उभे केले आहेत. बाप बोलला ते जुलमी सत्तेपुढे, सोबत्यांच्या विरुद्ध आणि स्वतःचा बचाव करण्यासाठी. मुलाला बोलायचे आहे ते जुलम्याच्या विरुद्ध, शेजाऱ्यांसाठी आणि स्वतःचा जीव धोक्यात घालून. कझान यांनी एकात कालवलेली चुगली आणि साक्ष येथे बाप आणि मुलगा अशा दोन माणसांत विभागली गेली आहे. 'गुलाम' हा 'ऑन द वॉटरफ्रंट'च्या तोडीचा चित्रपट आहे असे कुणी म्हणणार नाही. पण या एका बाबतीत नक्कल मुळापेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

याउलट त्याने जे गमावले तेही थोडे नाही. पहिली गमावलेली गोष्ट म्हणजे काम. होबोकनचे कामगार काय उचलतात, कसे निवडले जातात, मजुरीतून किती कापले जाते, हे सारे मूळ चित्रपटात दिसते. 'गुलाम'मध्ये दुकानदार हप्ता देतात आणि घाबरतात, पण त्यांचे श्रम पडद्यावर येत नाहीत. हिंदी चित्रपटाने मुंबईची गोदी त्याआधीच, १९७५ च्या 'दीवार'मध्ये वापरली होती. तेथेही हमालांकडून हप्ता घेणारी टोळी आहे आणि तो नाकारणारा माणूस मरतो. पण नायक विजय साक्ष देत नाही. गोदामाचे दार बंद करून एकटाच सगळ्यांना लोळवतो. त्या गुंडांपैकी एकाचे नाव पीटर असावे, हे ख्रिस्ती प्रेक्षकाच्या ध्यानात राहते.

दुसरी गमावलेली गोष्ट म्हणजे धर्मगुरू. 'गुलाम'मध्ये विवेकाचा आवाज फातिमा या वकीलबाईंकडे (मीता वसिष्ठ) दिला आहे. निवड चांगली आहे, भूमिकाही चांगली वठली आहे. परंतु वकील एका माणसाला कायद्याचा मार्ग दाखवू शकते. फादर बॅरी चर्चच्या तळघरात सभा भरवतात, मार खातात, प्रेताशेजारी उभे राहतात, आणि साऱ्या समुदायाला त्याच्या मौनाचा जाब विचारतात. हिंदी पडद्यावरचा पाद्री सहसा अनाथ मुलाला आसरा देणारा म्हाताराच राहिला. धक्क्यावर उतरून भांडणारा धर्मगुरू त्याला सुचला नाही, आणि याचा दोष केवळ चित्रपटवाल्यांना देता येईल असे मला वाटत नाही. त्यांनी आपल्याला जसे पाहिले तसेच पडद्यावर आणले.

तिसरा फरक शेवटाचा आहे. 'गुलाम'मध्ये वस्तीच्या डोळ्यांदेखत सिद्धू आणि रॉनी यांची हातघाई होते आणि सिद्धू जिंकतो. टेरी मात्र मारामारीत हरतो. अर्धमेला होऊन पडलेला असताना फादर बॅरी त्याला उठवतात, आणि आधार द्यायला पुढे आलेल्यांना दूर राहायला सांगतात. तो लडखडत गोदामाच्या दारापर्यंत चालत जातो आणि मग बाकीचे कामगार त्याच्यामागून आत जातात. कॅथलिक प्रेक्षकाला येथे क्रुसाची वाट आठवल्यावाचून राहणार नाही. ब्रिटिश समीक्षक आणि पुढे दिग्दर्शक झालेले लिंडसे अँडरसन यांनी १९५५ साली याच शेवटावर कठोर टीका केली. कामगार स्वतः काही न करता एका म्होरक्याच्या जागी दुसरा स्वीकारतात, हे दृश्य त्यांना हुकूमशाही वळणाचे वाटले. या टीकेत तथ्य आहे. इतिहासही तिच्याच बाजूने उभा राहतो. प्रत्यक्षात १९५३ आणि १९५४ साली बंदरात कामगारांचे मतदान झाले तेव्हा जुनी भ्रष्ट संघटनाच थोड्या मतांनी निवडून आली. फादर कॉरिडन यांची बाजू हरली. शुलबर्ग यांनी १९५५ साली याच विषयावर कादंबरी लिहिली. तिच्यात टेरी मारला जातो. पडद्यावरचे गोदामाचे दार कादंबरीत त्याच्यासाठी उघडत नाही.

तरीही व्हॅटिकनच्या यादीतील या चित्रपटाचे स्थान योग्यच आहे असे म्हणावे लागते, पण ते त्याच्या विजयी शेवटामुळे नव्हे. होबोकनच्या माणसांचा एक अलिखित नियम होता : बहिरे व्हा आणि मुके व्हा. हा नियम गुंडांनी लादला हे खरे, परंतु तो पाळला तो सज्जनांनी. आपापल्या गावात, संस्थेच्या हिशेबात, सहकारी सोसायटीत, क्वचित धर्मग्रामाच्या मंडळातही हा नियम आपण निष्ठेने पाळतो. त्याला समजूतदारपणा म्हणतो, घरची गोष्ट घरात ठेवणे म्हणतो. आणि कुणी तो मोडलाच तर त्याच्यावर पहिला शिक्का चुगलखोर हाच मारतो. टेरीने साक्ष दिल्यावर त्याला देव मानणारे शेजारचे पोर त्याची सगळी कबुतरे मारून टाकते. त्या पोराला कुणी गुंडाने पाठवलेले नसते. आपल्या माणसांनी आजवर जे शिकवले तेच त्याने केलेले असते.

हा चित्रपट घरातल्या थोरांनी मोठ्या मुलांना बरोबर घेऊन पाहावा, आणि जमल्यास त्यानंतर काही दिवसांनी 'गुलाम' पाहावा. मग मुलांना एवढेच विचारावे की सिद्धूच्या बापाने जे केले आणि टेरीने जे केले त्यात फरक कोणता. मुले उत्तर देतील. त्यानंतर ती आपल्याला उलट विचारतील की तुम्ही कधी, कुणासाठी बोललात. त्या प्रश्नाची तयारी मात्र आधीच करून ठेवावी.